कोयनेकडच्या वाडीत गोबर गॅस: घुमट बांधावा की टाकी ठेवावी

आमच्या पाटण तालुक्यात डांबरी रस्ता संपल्यावर पुढं ज्या वाड्या आहेत तिथल्या माणसांनी गेल्या दोन-तीन वर्षांत मला एकच गोष्ट सारखी विचारलीय, की गोबर गॅस बसवायचं घरात ठरलंय, पण दीनबंधू, म्हणजे जमिनीत पुरलेला विटांचा घुमट घ्यावा, का तरंगत्या टाकीचा, म्हणजे शेणकाल्याच्या विहिरीवर उलटी टाकी असते आणि गॅस साठला की ती वर उचलते तो. दोन्ही मी वापरलेत. वडिलांच्या काळात लोखंडी टाकीचा होता, मग मी स्वतः पुढं होऊन घुमटाचा बांधला, आणि आता परत टाकीवर आलोय, फक्त लोखंडाऐवजी फायबरच्या. शिवाय आमची वाडी आणि वरचा धनगरवाडा मिळून सात घरांची कामं झाली, त्यात सामान चढवण्यापासून शेगडी पेटेपर्यंत मी बरोबर होतो. मोजायची यंत्रं माझ्याकडं नाहीत, जे सांगतोय ते खड्ड्यात आणि चुलीपुढं उभं राहून दिसलं तेवढंच, तुमच्याकडं थोडं वेगळं असू शकेल.

सिलिंडर का नको यावर फार बोलत नाही. २०१६ ला उज्ज्वला आल्यापासून कनेक्शन जवळपास घरोघरी आहे, अडचण कनेक्शनची नाहीच. अडचण आहे १४.२ किलो गॅस आणि वर तेवढंच लोखंड खांद्यावर घेऊन चढायची, नि जून ते सप्टेंबर गाडी खालच्या फाट्यापर्यंत तरी येईल का याची. जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यात दरडी कोसळल्या, माणसं गेली, तेव्हा आमच्याकडचा रस्ताही बरेच दिवस बंद होता. लाकडं भिजलेली, सिलिंडर संपलेले, आणि ज्या दोन घरांच्या परड्यात गॅस होत होता तिथं आळीतल्या लहान पोरांचं दूध तापत होतं. ते बघितल्यावर वाडीत बाकीच्यांनी मनावर घेतलं.

आता प्रकार कुठलाही घ्या, आधी शेण वजन करा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण टाळतो. एक घनमीटर गॅसला रोज २५ किलो ताजं शेण लागतं, म्हणजे पाच-सहा माणसांच्या घराला जो २ घनमीटरचा बसवतात त्याला ५० किलो, आणि तेवढंच पाणी. कागदावर लोक जनावरं मोजतात, म्हशीचं १५ किलो धरा, गाईचं १० धरा, चार-पाच जनावरं झाली की हिशेब बसला. पण आपली जनावरं सकाळी रानात जातात ती दिवेलागणीला येतात, दिवसाचं शेण डोंगरातच पडतं, गोठ्यात मिळतं ते रात्रीचं. त्यात गावठी गाय, खाणंच कमी. आम्ही एका घरात आठ दिवस रोज सकाळी पाट्या ताणकाट्याला लावल्या, जनावरं सहा आणि शेण भरलं ३० किलो. तिथं मग १ घनमीटरचाच बांधला, आणि तो आज पूर्ण ताकदीनं चालतोय. मोठा बांधला असता तर अर्धा उपाशी राहिला असता आणि दोष प्लांटला आला असता.

सामान चढवणं. इथं घुमट बरा का टाकी बरी हे सरळ सांगता येत नाही. घुमट मुळात आला तोच लोखंड वाचवायला. आपल्याकडं खादी ग्रामोद्योगाच्या तरंगत्या टाकीचे प्लांट साठच्या दशकापासून पसरले, मग १९७८ ला उत्तर प्रदेशात अजितमलच्या गोबर गॅस संशोधन केंद्रात जनता नावाचा घुमटाचा नमुना झाला आणि १९८४ ला त्याहून कमी खर्चाचा दीनबंधू आला. लोखंडाचा एकही मोठा नग नाही ही त्याची खरी ताकद. आम्हाला २ घनमीटरला हजाराच्या आसपास विटा आणि चौदा-पंधरा पोती सिमेंट लागलं. डोक्यावर एका खेपेला आठ-दहा विटा, म्हणजे नुसत्या विटांच्याच शंभर-सव्वाशे खेपा, वाळू-खडी वेगळी. ऐकायला डोंगराएवढं वाटतं पण सामान तुकड्यातुकड्यानं जातं, जो येईल तो हातभार लावतो, आणि चार दिवस उशीर झाला तरी काही अडत नाही.

टाकीचं तसं नाही. गोल विहिरीसारखं बांधकाम तिलाही लागतंच, आणि वर टाकी. वडिलांची लोखंडी टाकी खालच्या फाट्यावरनं आणली तेव्हा बांबू घालून आठ गडी होते, वाटेत कारवीची दाटी तोडत तोडत, आणि एका वळणावर ती फिरेना म्हणून बांधाचे दगड काढावे लागले, हे मला लहानपणचं लख्ख आठवतंय. फायबरची टाकी मात्र आम्ही तिघांनी उचलली. म्हणजे जुन्या लोकांनी टाकीला नाव ठेवलं ते वजनामुळं, आणि ते कारण आता राहिलेलं नाही.

खोदाईत घुमट पुढं आहे हे मान्य करायला पाहिजे. तो उथळ आणि पसरट असतो, टाकीचा खड्डा खोल जातो, आणि आपल्याकडं चार-पाच फुटांवर मुरूम संपून काळा दगड लागतो. घराशेजारी सुरुंग लावता येत नाही, ब्रेकर वर येत नाही. एका घरी आम्ही पाच फुटांवर थांबलो, बांधकाम जमिनीच्या वर चढवलं आणि बाहेरनं मातीची भर घातली. ते जमलं कारण गोठा वरच्या अंगाला होता, शेणकाला उतारानं आपोआप येतो. सपाटीवर असतं तर शेण उचलून चढवायला लागलं असतं आणि घरच्या बाईनं महिन्यात हात टेकले असते. उताराचा हा फायदा घ्या, पण उताराची एक खोडही आहे, पाइपात पाणी साचतं. गॅस ओला असतो, पाइपात थंड झाला की पाणी सुटतं आणि सगळ्यात खालच्या जागी बसतं, मग शेगडी भकभक करते आणि विझते. सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक ठेवा, दोन्ही प्रकारांत. आणि खोदाई दिवाळीनंतर धरा, आधी धरली तर खड्ड्यात झरे फुटलेले असतात.

थंडीतही घुमटच सरस, पूर्ण जमिनीत असल्यामुळं ऊब धरून ठेवतो. पौष-माघात वर धनगरवाड्यावर पहाटे बोटं वळत नाहीत, तेव्हा आमच्या टाकीचा गॅस निम्म्यावर येतो, घुमटाचा तेवढा पडत नव्हता. काळ्या पिंपात पाणी दिवसभर उन्हात ठेवून त्यात शेण कालवलं तर थोडा फरक पडतो. आणि नमुना निवडताना ४० दिवसांचा न घेता ५५ दिवसांचा मागा, म्हणजे शेण आत जास्त दिवस राहतं, थंड भागासाठीच तो असतो.

एवढं सगळं घुमटाच्या बाजूनं आहे, तरी मी त्याच्यावरनं उठलो, आणि ते एका भेगेमुळं.

बांधल्यावर पहिलं दीड वर्ष माझा घुमट इतका छान चालला की मी चार जणांना तोच घ्या म्हणून सांगत होतो. शेगडीशेजारी एक पारदर्शक नळी पाणी घालून लावलेली, दाब बघायला, सकाळी त्यात पाणी हातभर चढलेलं असायचं. दुसऱ्या वर्षी श्रावणात आई म्हणाली, आरं भाकरी फुगंना. मी बघितलं तर नळीत पाणी चार बोटं. म्हटलं पावसात जनावरं ओलं गवत खातात, शेण पातळ असेल, म्हणून पाणी कमी केलं. मग वाटलं शेगडीचं जेट बुजलं, ते उघडून तारेनं साफ केलं. मग पाइप बदलला. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बसलो, कुठंही बुडबुडा नाही. बाहेरच्या कुंडीत मळी, म्हणजे गॅस निघून गेलेला शेणकाला, येत होती, म्हणजे आत काम चालू होतं, शेण खात होता आणि गॅस देत नव्हता. अडचण ही आहे की घुमटावर माती असते. गॅस कुठनं जातो ते दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि पावसात वास पण येत नाही. शेवटी भर पावसात वरची माती उकरली, पोरानं छत्री धरली, मी विटांवर साबणाचं पाणी ओततोय आणि पावसाच्या थेंबानं सगळीकडंच फेस. त्या दिवशी माझा धीर सुटला.

ज्या मिस्त्रीनं बांधला तो कराडकडचा, हात चांगला, माणूस चांगला, पण तो म्हणाला दसऱ्यानंतर येतो, आणि त्याचंही बरोबर होतं, त्या पावसात तो वर कसा येणार. गावातला गवंडी भिंत सरळ चढवतो, पण घुमटाच्या आतनं गॅस धरील असा गिलावा करणं त्याचं काम नाही, तो स्वतःच नको म्हणाला. दसऱ्यानंतर मग रिकामा करायचा. रोजचं शेण-पाणी १०० लिटर, ४० दिवसांचं धरलं तर ४,००० लिटर आत, ते बादलीनं काढलं, चार माणसं दोन दिवस. त्यानंतर तो आठवडाभर उघडा ठेवला, उफणायच्या पंख्यानं आत हवा मारली, आणि मगच मिस्त्री उतरला, कमरेला दोर, वर आम्ही दोघं दोर धरून, बिडी-काडी जवळ कुणाकडं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशा टाक्यांत उतरून माणसं गुदमरून गेलेली आहेत आणि काढायला उतरलेली पण गेलेली आहेत. मळी काढली म्हणजे हवा चांगली झाली असं समजू नका.

आत त्यानं भिंतीला पाणी मारलं आणि थांबा म्हणाला. गिलावा सुकत आला, आणि गॅसच्या नळाच्या बुडापासनं एक वीतभर रेघ ओलीच राहिली, केसाएवढी. तेवढ्या केसाएवढ्या भेगेतनं आमचा दोन महिन्यांचा गॅस गेला होता.

भेग कशामुळं याचं एकमत झालं नाही. मिस्त्री म्हणाला बांधताना पाणी कमी मारलं गेलं असेल. शेजारचे काका म्हणाले जमिनीनं केलं. आपल्याकडं ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी भोगला त्यांच्या घरात अजून भांडं वाजलं की माणसं दारात येतात, आणि बारके धक्के तर कोयनेच्या पट्ट्यात अधूनमधून बसतातच. माती-दगडाची घरं त्याला सवयीची झाली, पण एक-दोन इंचाच्या गिलाव्यावर गॅस धरून बसलेला घुमट वेगळा. धक्क्यानंच गेली असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण आपली जमीन हलते हे डोक्यात ठेवूनच बांधकाम निवडलेलं बरं असं मला वाटतं. दुरुस्ती झाली, परत भरला, गॅस धरायला महिना गेला. म्हणजे श्रावणात गेलेली शेगडी कार्तिकात पेटली. आणि पुढच्या पावसात नळीतलं पाणी परत उतरायला लागलं तेव्हा मी ठरवलं, आता बास.

टाकीचं काय आहे, की ती दिसते. आई उंबऱ्यातनं बघते, टाकी किती वर आलीय, आणि त्यावर ठरवते आज डाळ गॅसवर घालायची का चुलीवर. टाकी खाली बसली आणि वर आली नाही तर त्याच दिवशी कळतं, दोन महिन्यांनी नाही. दाबही एकसारखा राहतो, नळीत दहा सेंटिमीटरच्या आसपास पाणी चढेल एवढा, कारण टाकीचं वजन तेवढंच असतं, पहिल्या भाकरीला जी ज्योत तीच शेवटच्या भाकरीला. घुमटात सकाळी ज्योत भांड्याबाहेर जाते आणि संपत आला की मिणमिणते, चावी सारखी कमीजास्त करायला लागते, आमच्या घरात या गोष्टीला माझ्यापेक्षा बायकोनं आणि आईनं जास्त महत्त्व दिलं, आणि स्वयंपाक त्या करतात. मागच्या वर्षी टाकीच्या कडेला एक दगड घसरून तडा गेला. चार माणसांनी टाकी उचलून परड्यात उलटी टाकली, कराडहून आणलेलं रेझिन आणि काचेची चटई लावली, उन्हात सुकवली, तिसऱ्या दिवशी परत जागेवर. कुणी आत उतरलं नाही, कुणाची वाट बघितली नाही.

दोष टाकीतही आहेत. लोखंडी असेल तर गंज. गॅसमधला तो सडक्या अंड्याच्या वासाचा भाग लोखंडाला आतनं खातो, वरनं पाऊस, आणि नवजा-महाबळेश्वरकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो तो काय पडतो हे तुम्हाला सांगायला नको. वडील दरवर्षी ब्लॅक जपान हा काळा रंग मारायचे, तरी नवव्या वर्षी जिथं टाकी मळीत वरखाली होते त्या रेघेवर चाळणी झाली. म्हणून आपल्या पट्ट्यात लोखंडी टाकी मी कुणालाच सुचवत नाही. फायबरला गंज नाही पण ती हलकी, त्यामुळं दाब कमी पडतो, वर दगड ठेवायला लागतात, आणि ते चारी बाजूंना सारख्या वजनाचे पाहिजेत नाहीतर टाकी तिरपी होऊन मधल्या पाइपाला अडकते. दोन-तीन दिवसांनी हातानं गोल फिरवायची, नाहीतर आत साय धरते. टाकी आणि भिंत यांच्या फटीतनं पावसाचं पाणी आत जातं आणि काला पातळ होतो, त्यावर आम्ही साधं पत्र्याचं छप्पर टाकलंय. पैसे घुमटापेक्षा जास्त गेले, माझ्या अंदाजानं दीडपट, आणि ज्याच्याकडं तेवढे नाहीत त्याला मी घुमट नको म्हणून अडवणार नाही. सबसिडी कुठल्या नमुन्याला किती चालू आहे ते पंचायत समितीत आधी विचारून घ्या, काम झाल्यावर विचारू नका.

आता ती तयार पिशवीवाली, म्हणजे बांधकामाऐवजी तयार मिळणाऱ्या मोठ्या पिशवीतच शेण कुजतं ती. माझ्या मेव्हण्यानं जत तालुक्यात बसवलीय, तीन वर्षं चालतेय, खूश आहे. खांद्यावर एक माणूस घेऊन जातो, दोन दिवसांत बसते, वजनाच्या बाबतीत तिच्यापुढं दोन्ही मागं. पण जतची जमीन सपाट, पाऊस नावाला, ऊन भरपूर. आमच्याकडं सपाट जागा काढायची म्हणजे बांध फोडायचा, वर पावसाचं पाणी साचणार, आणि वानरं. मी ती घाटात चालवून बघितलेली नाही, त्यामुळं नको असंही म्हणत नाही, कुणी आधी एक पावसाळा काढून दाखवला तर मी स्वतः बघायला येईन.

तेव्हा तुमची वाडी रस्त्यावर असेल, घुमटाचं काम येणारा मिस्त्री तासाभरात पोचेल असा असेल आणि हात आखडता असेल तर दीनबंधू बांधा, फक्त वरची माती घालायच्या आधी साबणाच्या पाण्यानं तपासून घ्या आणि पाणी मारायला एक माणूस पंधरा दिवस नेमून ठेवा. पण पावसाळ्यात तुमच्याकडं बाहेरचा माणूस येऊ शकत नसेल तर थोडे पैसे जास्त घालून फायबरची टाकी घ्या असं माझं मत आहे. वरच्या धनगरवाड्यावर शेवटची तीन घरं झाली ती टाकीचीच, आणि तिथं दोन पावसाळ्यांत माझ्याकडं फक्त एक निरोप आला, तोही पाइपातल्या पाण्याचा.

काम दिवाळी ते होळी उरका आणि चैत्रात भरा, उन्हामुळं लवकर धरतो. पहिला गॅस पेटणार नाही, घाबरू नका, त्यात हवाच जास्त असते, तो दोन-तीनदा सोडून द्यायचा, आणि सोडताना जवळ काडी ओढायची नाही. सिलिंडरची शेगडी तशीच जोडू नका, गोबर गॅसचं भोक मोठं लागतं. आणि चालू प्लांटातली मळी सुरुवातीला थोडी घातली तर निम्म्या दिवसांत ज्योत मिळते. आमच्या बाहेरच्या कुंडीत ती कायम असते, दोन कॅन घेऊन या, सकाळी आलात तर पोरगा भरून देईल.